परसांतील पाहुणेघर

घर बांधणें हा विषय गवंड्याचा, सुताराचा आणि फार तर कर्ज देणाऱ्याचा. नीतिविचाराचा त्याच्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. परंतु मनुष्य आपल्या मनांतील नातीं जितक्या स्पष्टपणें भिंतींच्या रूपानें मांडून ठेवतो, तितक्या स्पष्टपणें तीं बोलून क्वचितच दाखवितो. कोणाची खोली कोठें आहे, कोणाच्या दाराची किल्ली कोणापाशीं असते, चूल एक आहे कीं दोन, एवढें पाहिलें म्हणजे त्या घरांत कोण कोणाचा किती लागतो हें परक्यालाहि सांगतां येतें. तेव्हां घराच्या नकाशावर पेन्सिलीनें रेघ ओढणारा मनुष्य केवळ वीटकाम ठरवीत असतो असें समजूं नये.

आज नाशकांतील पुष्कळ सुखवस्तु घरांत अशीच एक रेघ ओढण्याचा विचार निघतो. गंगापूर रस्त्याच्या बाजूस, इंदिरानगरांत किंवा नाशिकरोडकडे ज्यांच्या बंगल्यामागें थोडी जागा उरली आहे, त्यांना वाटतें कीं परसांत दोन खोल्या काढाव्या. आल्यागेल्या आप्तांची सोय होईल. सिंहस्थ बारा वर्षांनीं येतो. २००३ आणि २०१५ यांच्या मागून येणारा पर्वकाल २०२६-२७ चा. आणि नाशकांत घर असलेल्या मनुष्याला त्या काळांत आपल्याला किती चुलत, मावस आणि मामेभावंडें आहेत याचा कसा शोध लागतो, हें नाशिककरांस सांगावयास नको. वरवर पाहतां हा बेत सोयीचा आणि सौजन्याचा आहे. आमचा प्रश्न एवढाच कीं, आप्तांसाठीं वेगळें घर बांधणें म्हणजे त्यांचें आदरातिथ्य करणें, कीं आदरातिथ्याच्या ओझ्यांतून आपली सुटका करून घेणें?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यापूर्वीं जुन्या नाशकाकडे एकदां पाहिलें पाहिजे. गोदातीरावरील हें गांव पिढ्यान्‌पिढ्या पाहुण्यांवरच वाढलें. पंचवटींत आणि नदीच्या अलीकडे पलीकडे तीर्थोपाध्यायांचे वाडे होते. प्रांतोप्रांतींच्या यजमानांचीं कुळें त्यांच्यांत वांटलेलीं असत, आणि आलेल्या यात्रेकरूचें नांव, गांव, वाडवडील यांची नोंद नामावळीच्या वह्यांत होई. आजोबांच्या हातची सही नातवाला दाखविणाऱ्या त्या वह्या आजहि कित्येक घरांत जपलेल्या आहेत. यात्रेकरू उपाध्यायांच्या वाड्यांतच उतरे, तेथेंच जेवी आणि तेथूनच घाटावर जाई. या पाहुणचारावर घरची उपजीविका चाले हें खरें; पण म्हणून त्यांतील आपुलकी खोटी होती असें म्हणतां येणार नाहीं.

वाड्याला हें साधे याचें कारण त्याच्या रचनेंत होतें. ओसरी, पडवी, सोपा, माजघर, माडी अशीं त्याचीं अंगें. पण "अमक्याची खोली" असा प्रकार त्यांत जवळजवळ नव्हता. रात्रीं जेथें वळकटी पसरली तेथें निजावें, सकाळीं वळकटी गुंडाळली कीं जागा पुन्हां सर्वांची. अशा घरांत पाहुणा आला तर कोणाचीच जागा जात नसे, कारण कोणाची अशी जागाच नव्हती. दहांचे बारा झाले तर दोन पानें अधिक मांडावयाचीं, एवढाच फरक. आजच्या बंगल्यांत प्रत्येक खोलीला धनी आहे. मुलाचें टेबल, मुलीचें कपाट, सुनेचें कार्यालयीन काम, सर्वांना आपापल्या भिंती आहेत. पाहुणा आला कीं कोणाला तरी उठावें लागतें, आणि उठणाराच्या चेहऱ्यावर तें दिसतें. तें पाहून पाहुणाहि ओशाळतो. तेव्हां आजच्या माणसाचें मन लहान झालें असा निकाल देण्यापूर्वीं त्याच्या घराची घडण बदलली आहे, हें लक्षांत घेणें न्यायाचें होईल.

शिवाय जुन्या वाड्याचे पोवाडे गातांना दोन गोष्टी विसरूं नयेत. पहिली ही कीं, तें आतिथ्य करणारे आणि त्याचें श्रेय घेणारे एकच नव्हते. घरच्या यजमानांनीं ओसरीवरून "आणखी चार पानें वाढा" म्हणावें, आणि पहांटेपासून धुरांत बसलेल्या सुनेनें पुन्हां कणीक भिजवावी, हा त्या आतिथ्याचा नित्याचा क्रम. पाहुणे किती दिवस राहणार हें तिला कोणी सांगत नसे, आणि विचारण्याचा अधिकार तिला नव्हता. सर्वांच्या पंक्ति उठल्यावर उरलें असेल तें तिनें जेवावें. दुसऱ्याच्या श्रमांवर, आणि तेंहि त्याला न विचारतां, केलेलें औदार्य खरोखर कोणाच्या पदरीं जमा करावें, हा प्रश्न त्या काळीं फारसा कोणी विचारला नाहीं. आज तो न विचारणें शोभणार नाहीं. पाहुण्यांसाठीं वेगळ्या खोल्या आणि तेथेंच चहापाण्याची सोय झाली, तर घरांतील बाईची थोडी तरी सुटका होईल, हें म्हणणें आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं.

दुसरी गोष्ट ही कीं, वाड्याचें दार सर्वांना सारखें उघडें नव्हतें. कोणी ओट्यापर्यंत, कोणी ओसरीपर्यंत, कोणी माजघरापर्यंत, अशा पायऱ्या जातीप्रमाणें ठरलेल्या असत. पुष्कळांना तर अंगणांतच उभें रहावें लागे. ज्या गांवीं २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं सत्याग्रह सुरू झाला, आणि कांहीं वर्षें चालूनहि देवाचें दार उघडलें नाहीं, त्या गांवच्या लोकांनीं तरी पूर्वजांच्या आतिथ्याविषयीं बोलतांना आवाज थोडा खालीं ठेवावा. कोणाला कोठपर्यंत येऊं द्यावयाचें याचा हिशेब आपल्या घरांच्या रचनेंत फार पूर्वींपासून आहे. परसांतील नवी खोली त्याच हिशेबाची नवी नोंद तर नव्हे ना, हें तपासणें म्हणूनच जरूर आहे.

मोठें घर म्हणजे मोठें मन, असेंहि समीकरण मांडतां येत नाहीं. मुंबईच्या गिरणगांवांत एवढ्याशा खोलींत कोंकणांतून आणि घाटावरून आलेले कितीतरी गांवकरी पाळीपाळीनें निजत; एकाची रात्रपाळी असली कीं त्याची जागा दुसऱ्यास मिळे. गोमंतकीयांनीं तर धोबीतलावाच्या आसपास आपल्या गांवांच्या नांवानें 'कूड' चालविले. नोकरीच्या शोधांत किंवा बोटीवर चढण्यासाठीं आलेला मनुष्य आपल्या गांवच्या कुडांत उतरे. तेथें त्याला कोणाचा पाहुणा व्हावें लागत नसे, कारण तें घर जितकें दुसऱ्याचें तितकेंच त्याचें. हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. पाहुणचार करणें ही चांगली गोष्ट खरी. पण आपल्या माणसाला पाहुणा होऊं न देणें ही कित्येक वेळां त्याहून चांगली गोष्ट असते.

मग पाहुणा म्हणावें तरी कोणाला? संस्कृतांतील 'प्राघूर्णक' म्हणजे फिरत फिरत आलेला. त्यावरून प्राकृताच्या वाटेनें आपला 'पाहुणा' झाला. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो 'अतिथि', अशी त्या शब्दाची फोड आपल्याकडे करतात. मनुस्मृति एक रात्र राहणाऱ्यालाच अतिथि म्हणते, आणि त्याचें राहणें अनित्य असतें म्हणून तो अतिथि, असें कारणहि देते. तैत्तिरीय उपनिषदानें शिष्याला निरोप देतांना प्रथम मातेला, मग पित्याला, मग आचार्याला आणि त्यानंतर अतिथीला देव मानावयास सांगितलें. चौघे एकाच माळेंत ओंवले खरे, पण माता आणि अतिथि हे एकच मणि मानले नाहींत. युरोपांत इमॅन्युएल कांट यानें १७९५ सालीं शाश्वत शांततेवर जो निबंध लिहिला, त्यांत परक्या भूमीवर आलेल्या माणसाचा भेट देण्याचा हक्क आणि पाहुणा म्हणून राहून घेण्याचा हक्क हे दोन निराळे काढले आहेत. पहिला प्रत्येक मनुष्यास आहे; दुसऱ्यास यजमानाशीं खास करार लागतो. आपल्या आयाआज्यांनीं हाच विचार एका म्हणींत बसविला: एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशीं पई, तिसऱ्या दिवशीं राही त्याची अक्कल जाई.

तात्पर्य, पाहुणा म्हणजे जाणारा मनुष्य. त्याच्या जाण्यावरच त्याचें पाहुणेपण उभें आहे. अशा माणसाला वेगळी खोली देण्यांत आम्हांस कांहींच गैर दिसत नाहीं. किंबहुना त्यांत त्याचा मान आहे. दुसऱ्याच्या घरीं मनुष्य सुखांत असला तरी मोकळा नसतो. न्हाणीघर केव्हां रिकामें होईल, पहांटे उठून दिवा लावला तर कोणाची झोंप मोडेल, दुसऱ्यांदा चहा मागावा कीं नाहीं, अशा बारीकसारीक गोष्टींचा संकोच त्याला दिवसभर पुरतो. ज्यांनीं वार लावून शिक्षण केलें त्या पिढीला सात दिवस सात घरांच्या पाटांवर बसणें म्हणजे काय हें ठाऊक होतें. अन्न मिळे, कांहीं घरीं मायाहि मिळे. पण त्या वयांत सात घरांचे स्वभाव पाठ करावे लागत. नाशकाशेजारीं देवळालीस हवा पालटण्यासाठीं येणाऱ्या मुंबईच्या कुटुंबांकरितां पारशी, गुजराथी वगैरे समाजांतील दानशूरांनीं सॅनिटोरियमें बांधलीं. गाडगेबाबांनीं नाशकांत, पंढरपुरांत आणि आळंदींत धर्मशाळा उभारल्या, आणि स्वतःजवळ मात्र गाडगें आणि खराटा यांपलीकडे कांहीं ठेवलें नाहीं. या सर्वांमागें एकच जाण दिसते: आलेल्या माणसाला छप्पर द्यावें, पण त्याला मिंधें करूं नये. परसांतील खोली याच जाणिवेंतून निघाली असेल तर ती अवश्य बांधावी.

परंतु घराचा नकाशा काढतांना आपण "आप्त" हा जो शब्द वापरतों, त्यांत तीन प्रकारचीं माणसें एकत्र मिसळलेलीं असतात, आणि सर्व घोटाळा तेथें आहे. सिंहस्थाला किंवा लग्नकार्याला येऊन चार दिवसांनीं जाणारे हे पहिले. ते खरे पाहुणे, आणि त्यांच्याविषयीं वर लिहिलें तें पुरें आहे. माहेरीं येणाऱ्या मुली आणि बहिणी ह्या दुसऱ्या. वृद्ध आईबाप, एकटी पडलेली आत्या, अविवाहित राहिलेले काका हे तिसरे. या तिघांना एका शब्दांत आणि एका खोलींत बसविणें सोयीचें आहे. न्यायाचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

माहेरवाशिणीचाच विचार प्रथम करूं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यांत २३ वें कलम होतें. मृत्युपत्र न करतां गेलेल्या माणसाचें कुटुंब त्याच्या घरांत रहात असेल, तर पुरुष वारस वांटणीला तयार होईपर्यंत स्त्री-वारसांना त्या घराची वांटणी मागतां येत नसे. आणि मुलीला तेथें राहण्याचा हक्क ती अविवाहित, नवऱ्यानें टाकलेली, त्याच्यापासून वेगळी झालेली किंवा विधवा असेल तरच होता. सुखानें नांदणारी मुलगी कायद्याच्या डोळ्यांना बापाच्या घरांत पाहुणीच होती. २००५ च्या दुरुस्तीनें हें कलम काढून टाकलें. कायद्यानें जी भिंत पाडली ती आपण परसांत पुन्हां बांधूं नये, एवढीच आमची विनंति. मुलगी माहेरीं येते ती खाटेसाठीं नव्हे. रात्रीं दिवा मालवल्यावर आईच्या शेजारीं पडून तिला जें सांगावयाचें असतें, तें सकाळीं चहाच्या टेबलावर सर्वांदेखत सांगतां येत नाहीं. तिला मागच्या खोलींत उतरविलें तर तिची सोय उत्तम होईल, आणि ज्याकरितां ती आली तें मात्र तसेंच राहून जाईल. अर्थात् जांवई आणि मुलें बरोबर असतां तिनेंच मागची खोली मागितली तर ती आनंदानें द्यावी. तिनें मागणें आणि आपण तिच्यासाठीं ठरविणें, यांत अंतर आहे.

तिसऱ्या प्रकारांत खरा धोका आहे, कारण तेथें कोणी दुष्ट नसतो. आईबापांना परसांत ठेवावयाचें म्हणून कोणीहि घर बांधीत नाहीं, पाहुण्यांसाठींच बांधतो. सिंहस्थ होऊन जातो, पाहुणे जातात, खोल्या रिकाम्या राहतात. मग आईचे गुडघे दुखूं लागतात आणि जिना चढवत नाहीं. नातवाची परीक्षा येते, आणि वडिलांना ऐकूं कमी येत असल्यामुळें दूरदर्शनचा आवाज मोठा असतो. वडिलांचा खोकला रात्रीं सर्वांना जागवितो. मागें शांतता आहे, हवा आहे, एकाच पातळीवर सर्व सोय आहे. यांतील प्रत्येक कारण खरें असतें. कोणी खोटें बोलत नाहीं, कोणी भांडत नाहीं. आणि वर्ष दोन वर्षांनीं असें दिसतें कीं, ताटावर झांकण घालून तें अंगणांतून मागें नेलें जात आहे. घरांत सणवार असला, कोणी आलें गेलें, म्हणजे आईला पुढच्या घरांत "बोलावलें" जातें. ज्याला आपल्याच घरांत बोलवावें लागतें तो त्या घराचा पाहुणा झाला. फरक एवढाच कीं, पाहुण्याला परत जाण्यासाठीं स्वतःचें घर असतें.

येथें कायदा मदतीस येत नाहीं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालीं झाला. निर्वाह या शब्दांत त्यानें अन्न, वस्त्र, निवास आणि औषधोपचार धरले आहेत. परसांतील खोलींत हीं चारहि मिळतात. बहुधा चांगलीं मिळतात. त्या मुलाविरुद्ध कोठेंहि दाद मागतां येणार नाहीं, आणि मागावी असें कोणी म्हणणारहि नाहीं. जें हरवलें तें या चारांपैकीं कशांतच बसत नाहीं. घरांत काय शिजत आहे याचा वास येणें, कोण केव्हां आलें तें न विचारतां कळणें, भांडण झालें तर मध्यें बोलतां येणें, नातवंडानें वाटेंत ठेंचाळून मांडीवर येऊन पडणें, ह्या गोष्टी मागतां येत नाहींत आणि देतांहि येत नाहींत. त्या एका छपराखालीं राहिल्यानें आपोआप घडतात, आणि छप्पर वेगळें झालें म्हणजे आपोआप थांबतात.

पण याची दुसरी बाजू न मांडणें अन्यायाचें होईल. पुष्कळ वृद्धांना स्वतःचें दार हवें असतें. पहांटे उठून मोठ्यानें स्तोत्र म्हणावें, आपल्या हातची भाजी करावी, आपल्या वयाच्या चार माणसांना बोलावून बसावें, आणि त्यासाठीं सुनेच्या चेहऱ्याकडे पहावें लागूं नये, ही इच्छा स्वाभिमानाची आहे. सुनेलाहि घरांत मोकळेपणानें वावरण्याचा तेवढाच हक्क आहे. एका स्वयंपाकघरांत तीस वर्षें धुमसत राहण्यापेक्षां वीस पावलांवर राहून गोडीनें बोलणें केव्हांहि बरें. एकत्र कुटुंबाच्या नांवाखालीं किती घुसमट झांकली गेली हें जाणणारा मनुष्य वेगळ्या दाराला सरसकट नांवें ठेवणार नाहीं. म्हणून आम्ही जागेला दोष देत नाहीं. प्रश्न आहे तो निर्णयाचा: तेथें जाण्याचें ठरविलें कोणीं?

याची एक साधी कसोटी आहे. परसांत नवें, सोयीचें, हवेशीर घर बांधलें, तर तेथें मुलानें आणि सुनेनें रहावयास जावें आणि आईबापांनीं पुढच्या घरांत रहावें, ही सूचना नकाशा पसरून बसलेल्या मंडळींत कोणी करीत नाहीं. करून पहावी. तिला येणारीं उत्तरें लक्षपूर्वक ऐकावीं. "तेवढ्या जागेंत आमचें कसें भागेल?" "रात्रीं पावसांत तिकडून इकडे यावें लागेल." "लोक काय म्हणतील?" यांतील जें जें कारण तरुणांना लागू पडतें, तें तें वृद्धांना दुप्पट लागू पडतें. ज्या खोलींत आपण राहणार नाहीं ती दुसऱ्यासाठीं पुरेशी आहे असें वाटूं लागलें, कीं तेथें सौजन्य संपून व्यवस्था सुरू झाली असें समजावें.

परस या जागेचा आपल्याकडील इतिहासहि ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. परसांत आड असे, केळी आणि अळू असे, शेवगा असे. पण तेथेंच गोठा असे, आणि शेतखानाहि तेथेंच. 'परसाकडे जाणें' या शब्दप्रयोगाचा अर्थ मराठी मुलाला शिकवावा लागत नाहीं. महिन्यांतून चार दिवस घरची बाई मागच्या पडवींत बाजूस बसे. पुढें साहेबाचा बंगला आला, त्यानें मागें नोकरांचें आउटहाउस आणलें. घराला जें हवें असे पण नजरेसमोर नको असे, तें मागें, असा हा क्रम आहे. परसाचा हा अर्थ केवळ चांगल्या फरशीनें आणि नव्या रंगानें पुसला जात नाहीं. तो पुसावयाचा तर खोली कशी बांधतों यापेक्षां तिच्याशीं कसें वागतों याकडे अधिक लक्ष दिलें पाहिजे, आणि वागण्याची बरीचशी दिशा बांधतांनाच ठरून जाते.

म्हणून ज्यांचा बेत पक्का झाला आहे त्यांच्यासाठीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगूं. पुढच्या घरापासून मागच्या खोलीपर्यंतची वाट छपराची असावी आणि रात्रीं तेथें दिवा असावा. पावसाळ्यांत छत्री घेऊन जेवावयास यावें लागलें तर आठ दिवसांत ताट मागें जाऊं लागतें. जोतें उंच असावें म्हणजे ओल चढणार नाहीं, पण चढण्यास पायऱ्यांबरोबर उतरण असावी. दार तीन फुटांचें असावें, म्हणजे चाकांची खुर्ची आंत जाईल. मोरी आणि संडास आंतच असावा, तेथील फरशी खरबरीत असावी आणि भिंतीला धरावयास दांडा असावा. नाशकाची थंडी पौषांत हाडांत शिरते आणि वैशाखांत मावळतीचें ऊन भिंत तापवितें. तेव्हां पश्चिमेकडे मोठी खिडकी ठेवण्यापेक्षां झाड ठेवावें. एक लहान ओटा आणि शेगडी अवश्य असावी; पण ती हवें तेव्हां चहा करतां यावा म्हणून, जेवण वेगळें करावें म्हणून नव्हे. दाराला कडी आंतून असावी आणि किल्ली राहणाराजवळ. निदान एक खिडकी अशी असावी कीं तींतून पुढच्या घराचें स्वयंपाकघर दिसेल, आणि स्वयंपाकघरांतून ती खिडकी दिसेल.

शेजाऱ्याचाहि विचार यांतच येतो. २०२० सालीं राज्यांत जी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली, ती नाशकासहि लागू आहे, आणि घराच्या बाजूंस व मागें सोडावयाचीं सामासिक अंतरें तिनें ठरवून दिलेलीं आहेत. हीं अंतरें म्हणजे आपली पडीक जमीन नव्हे. तो आपला आणि शेजाऱ्याचा सामाईक उजेड आणि वारा आहे. महानगरपालिकेची परवानगी न घेतां कुंपणाला चिकटवून पत्र्याची खोली उभारावयाची, आणि तिला पाहुणचार म्हणावयाचें, यांत आप्ताला दिलेलें औदार्य शेजाऱ्याच्या खिशांतून काढलेलें असतें. जुन्या वाड्यांत तें सुनेच्या श्रमांतून निघे. येथें शेजाऱ्याच्या हवेंतून निघतें. दोन्ही ठिकाणीं देणारा एक आणि नांव दुसऱ्याचें.

पावसाळ्याच्या एका महिन्यांत, खोली पुरी झाल्यावर, घरच्या कर्त्या जोडप्यानें प्रथम तेथें राहून पहावें असें आम्हांस वाटतें. गळतें कोठें, चिखल कोठें होतो, हांक ऐकूं जाते कीं नाहीं, पुढच्या घरांतील हंसणें ऐकून आपण एकटे आहों असें वाटतें कीं सोबत आहे असें वाटतें, हें नकाशावरून कळत नाहीं. एक महिना राहिलें म्हणजे कळतें. त्यानंतर तीच खोली दुसऱ्यास देतांना जी लाज किंवा जो आनंद वाटेल, तो कोणत्याहि ग्रंथापेक्षां अधिक विश्वासानें सांगेल कीं आपण काय बांधलें आहे.

आणि तत्पूर्वीं, इंजिनियराकडे कागद जाण्याच्या आधीं, घरांतील सर्वांना एकदां एकत्र बसवावें. जी स्वयंपाक करणार तिला, जी माहेरीं येणार तिला, आणि ज्यांचे गुडघे दुखत आहेत त्यांना विचारावें कीं तुम्हांला कोठें रहावयास आवडेल. वडील माणसें बहुधा "तुम्ही ठरवाल तें" असें म्हणतील. तें उत्तर समजूं नये. पुन्हां विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत रेघ ओढूं नये.